नवं बिऱ्हाड गावात रुजवताना: परदेशातून आलेल्या कुटुंबांच्या स्वागतापासून दुसऱ्या वर्षापर्यंतची तयारी

शाळेचे वर्ग रिकामे होत चाललेत, दवाखान्याला नर्स मिळत नाही, कारखान्याची एक पाळी माणसांअभावी बंद आहे. तरुण पोरं शिकायला म्हणून शहरात गेली ती तिकडचीच झाली. जगाच्या पाठीवर कुठेही जा, अशी गावं भेटतात. त्यांतली बरीचशी आता परदेशातून येणाऱ्या माणसांकडे आशेनं पाहताहेत.

माणसं येतातही. पण वर्ष-दीड वर्षात त्यांतली कित्येक बिऱ्हाड उचलून मोठ्या शहराची वाट धरतात, आणि मग गावात एकच वाक्य ऐकू येतं: "एवढं केलं, तरी थांबली नाहीत." या वाक्यामागे प्रामाणिक दुःख असतं, म्हणून ते उडवून लावू नये. पण काय काय केलं याची यादी काढली, तर बहुतेक सगळं नोकरी करणाऱ्या एका माणसासाठी केलेलं दिसतं. नोकरी एकाला मिळते. गावात राहायचं की नाही हे घरातली बाकीची माणसं ठरवतात. नवऱ्याचं कामात मन रमलंय, पण बायको दिवसभर चार भिंतींत एकटी. किंवा बायको नर्स म्हणून रुजू झाली आणि शिकलासवरलेला नवरा घरी बसून. मुलाला मधल्या सुट्टीत बोलायला कुणी नाही. असं घर पगारावर टिकत नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या मी या एका गोष्टीभोवती लावल्या आहेत.

गावचे कारभारी, शाळा-दवाखान्यातले कर्मचारी, माणसं कामावर घेणारे मालक आणि "आपणही काहीतरी करायला हवं" असं मनापासून वाटणारे शेजारी, हे सगळे वाचक डोळ्यांपुढे ठेवून लिहितो आहे.

पहिली पायरी: माणसं बोलावण्याआधी घरं मोजा

रिकाम्या नोकऱ्या सगळे मोजतात, रिकामी घरं कुणी मोजत नाही. गावात कुलूपबंद घरं असतात, पण भाड्यानं मिळणारी घरं नसतात, आणि या दोन्हींत मोठं अंतर आहे. मालक शहरात असतो, छप्पर गळत असतं, वारसांचा वाद चालू असतो. म्हणून एक वही घ्या, दोघा-तिघांनी गावभर पायी फिरा आणि प्रत्येक रिकाम्या घरासमोर लिहा: खोल्या किती, पाणी-वीज चालू आहे का, दुरुस्ती काय लागेल, मालकाशी कोण बोलू शकेल, शाळा आणि दुकान चालत किती मिनिटांवर. शेवटचा रकाना विसरू नका. नव्या कुटुंबाकडे पहिले काही महिने गाडी नसते, त्यामुळे गावापासून दूर असलेलं मोठं, सुंदर घर त्यांच्यासाठी तुरुंग ठरू शकतं.

दुसरी अडचण ओळखीची. नव्या माणसाकडे त्या देशातला भाड्याचा इतिहास नसतो, जुन्या घरमालकाची शिफारस नसते. घरमालक घाबरतो आणि तीन-चार महिन्यांचं भाडं आगाऊ मागतो. इथे गावानं मध्ये पडावं. पहिल्या वर्षाचा भाडेकरार स्थानिक संस्थेनं किंवा एखाद्या मंडळानं आपल्या नावावर करायचा आणि वर्षानंतर तो कुटुंबाच्या नावावर वळवायचा, ही पद्धत चांगली चालते. नोकरी देणाऱ्या मालकानं दिलेलं घर मात्र शक्यतो तात्पुरतंच असू द्या. नोकरी आणि छप्पर एकाच माणसाच्या हातात असलं की कामगार अन्यायाविरुद्ध तोंड उघडू शकत नाही. नोकरी गेली तर त्याच दिवशी घरही जाईल, ही भीती त्याच्या बायकामुलांनाही झोपू देत नाही.

आणि सगळ्या नव्या कुटुंबांना गावाच्या टोकाला एकाच इमारतीत ठेवू नका. व्यवस्थापनाला ते सोयीचं पडतं. पण त्या इमारतीला लवकरच एक नाव पडतं, आणि ते नाव तिथल्या मुलांना शाळेत चिकटतं.

दुसरी पायरी: गावाला आधी विचारा, मग थोड्यांना आणा

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात निल नावाचं सुमारे दोन हजार वस्तीचं गाव आहे, मेलबर्न आणि ॲडलेडच्या साधारण मध्यावर. तिथल्या बदकांचं मांस तयार करणाऱ्या लव्ह-अ-डक या कंपनीला कामगार मिळेनात. कंपनीचे व्यवस्थापक जॉन मिलिंग्टन यांनी मेलबर्नच्या उपनगरांत राहणाऱ्या, म्यानमारमधून आलेल्या, करेन नावाच्या समाजातल्या निर्वासितांशी संपर्क साधला. पण एकदम पन्नास माणसं बसमध्ये भरून आणली नाहीत. गावातल्या पुढाऱ्यांशी, संस्थांशी आधी बोलणं झालं. ही माणसं कोण, कुठून आली, काय सोसून आली, हे गावाला कळू दिलं. २०१० मध्ये सुरुवात झाली ती फक्त पाच जणांपासून. ते रुळले, मग त्यांची कुटुंबं आली, मग नातलग आले. पाच वर्षांत तिथे दीडशेहून जास्त करेन लोक राहू लागले. २०१५ मधल्या अभ्यासानं या बदलाचा त्या भागाच्या अर्थकारणाला झालेला फायदा ४.१५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर्स आणि पूर्णवेळच्या ७०.५ नोकऱ्या इतका मांडला.

मला त्या कोटींपेक्षा "पाच" हा आकडा महत्त्वाचा वाटतो. पाच माणसांची नावं गावाला पाठ होतात. पन्नास माणसं आली की ती एक घोळका वाटतात, आणि घोळक्याशी ओळख होत नाही.

गावसभा घ्याल तेव्हा ती "आमचा निर्णय झालाय, तुम्हाला कळवतोय" अशी नको. लोकांच्या मनात प्रश्न असतात: दवाखान्यातली रांग वाढेल का, आमच्या मुलांच्या नोकऱ्या जातील का, घरभाडी चढतील का? या प्रश्नांना वंशद्वेष म्हणून झटकू नका. काही प्रश्न रास्त असतात, आणि त्यांची उत्तरं आकड्यांत द्यावी लागतात: इतक्या जागा इतके महिने रिकाम्या आहेत, शाळेत इतकी मुलं कमी झाली तर एक शिक्षक जाईल. खरोखरच द्वेषाचं बोलणं झालं, तर सभेतल्या वजनदार माणसानं तिथल्या तिथे, शांतपणे, "हे आपल्या गावात चालणार नाही" असं म्हणायला हवं. ते कोण म्हणणार हे सभेआधीच ठरवून ठेवा.

मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये मांडलेला विचार इथे फार उपयोगी पडतो. दोन गटांतली माणसं नुसती एकत्र आली म्हणून पूर्वग्रह विरत नाहीत. दोघांचा दर्जा सारखा असावा लागतो, दोघांना एकच काम साधायचं असावं लागतं, ते एकमेकांच्या मदतीनं करावं लागतं आणि वरच्यांचा त्याला पाठिंबा दिसावा लागतो. "विविधतेचा सोहळा" ठरवून नव्या बायकांना स्वयंपाक करायला लावायचं आणि गावानं खाऊन टाळ्या वाजवायच्या, यात यांपैकी जवळजवळ काहीच नसतं. अग्निशमनाच्या स्वयंसेवक पथकात, फुटबॉलच्या संघात, शाळेच्या रंगकामात हे सगळं आपोआप असतं. तिथे नव्या माणसांसाठी जागा करा.

तिसरी पायरी: मालकाकडून लेखी घ्या

कॅनडाच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या चार प्रांतांत २०१७ मध्ये परदेशातून माणसं आणण्याची एक प्रायोगिक योजना सुरू झाली. तिच्यात एक अट होती: माणूस घ्यायचा असेल तर मालकानं पुढे यायचं, आणि त्या माणसासाठी व त्याच्या कुटुंबासाठी बस्तान बसवण्याचा लेखी आराखडा तयार हवा. भाषा कुठे शिकणार, मुलं कुठल्या शाळेत जाणार, मदतीला कोण, हे सगळं येण्याआधी कागदावर. २०२२ मध्ये ही योजना कायमची झाली. तुमच्या देशात असा नियम नसला तरी गाव म्हणून तुम्ही मालकाशी तसाच करार करू शकता. त्यात चार गोष्टी हव्यातच: पहिल्या महिन्यात कागदपत्रांसाठी पगारी सुट्टी, भाषेच्या वर्गाला जाता येईल अशी पाळी, जोडीदाराला काम शोधायला मदत, आणि पासपोर्ट-कागदपत्रं कामगाराच्याच ताब्यात राहतील याची हमी.

सगळं गाव एकाच मालकावर टेकवणं किती महाग पडतं, याचं उदाहरण अमेरिकेतल्या आयोवा राज्यातलं पोस्टव्हिल. दोन-सव्वादोन हजार वस्तीच्या या गावात १२ मे २००८ रोजी मांसप्रक्रिया कारखान्यावर सरकारी छापा पडला, ३८९ कामगार पकडले गेले आणि त्याच वर्षी कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली. घरं रिकामी झाली, शाळेतली मुलं गेली, दुकानांचं गिऱ्हाईक गेलं. कागदपत्रांची शहानिशा न करता आणि कामाची परिस्थिती न पाहता माणसं भरली जात असताना गाव बघत राहिलं, तर किंमत शेवटी गावही मोजतं. म्हणून वर्षातून एकदा तरी कामगारांशी, मालक समोर नसताना, बोलायची सोय ठेवा.

चौथी पायरी: खरं सांगा, आणि येऊन पाहू द्या

गावाच्या जाहिरातीत नेहमी उन्हाळ्यातला फोटो असतो. हिवाळ्यातलाही द्या. मोठं रुग्णालय किती तासांवर आहे, बस दिवसातून किती वेळा येते, त्यांच्या भाषेचं किंवा धर्माचं माणूस जवळपास आहे का, जोडीदाराच्या क्षेत्रात नोकरी आहे का, हे आधीच स्पष्ट सांगा. नंतर कळलेली गोष्ट माणसाला फसवणूक वाटते, आणि फसवलं गेल्याची भावना घेऊन कुणी मुळं धरत नाही.

कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातलं मॉर्डन हे सुमारे दहा हजार वस्तीचं छोटं शहर स्वतःच इच्छुकांची निवड करत आलं आहे. तिथल्या कार्यक्रमात उमेदवारांनी आधी येऊन शहर पाहावं यावर भर राहिला आहे. चांगली पद्धत आहे ही. प्रवास परवडत नसेल तर व्हिडिओ कॉलवर गाव दाखवा. पण त्या कॉलवर जोडीदाराला आणि मोठ्या मुलांनाही बसवा, त्यांचे प्रश्न आधी घ्या. तेरा वर्षांच्या मुलीनं "तिथे पोहायला शिकता येईल का" असं विचारलं, तर तो फुटकळ प्रश्न समजू नका. तिचं वर्ष त्याच्यावर चांगलं किंवा वाईट जाणार आहे.

पाचवी पायरी: पहिला आठवडा, पहिला महिना

कॅनडात १९७९ पासून सामान्य नागरिकांचे गट निर्वासित कुटुंबांची जबाबदारी घेत आलेत. पाच जण एकत्र येऊनही असा गट करू शकत होते (अशा पाच जणांच्या गटांचे नवे अर्ज घेणं सरकारनं नोव्हेंबर २०२४ मध्ये थांबवलं), आणि साधारण वर्षभर घर, खर्च आणि सोबत हे सगळं गट पाहतात. या वाटेनं तीन लाखांहून अधिक लोक तिथे स्थिरावले. नोकरीसाठी आलेल्या कुटुंबासाठीही तोच साचा वापरा: एक कुटुंब, पाच-सहा जणांचा एक गट, आणि प्रत्येकाकडे एकच काम. एक जण घर आणि सामानाचं बघेल, एक जण बँक-सरकारी कागदांचं, एक जण शाळेचं, एक जण डॉक्टरचं, एक जण येण्या-जाण्याचं. सगळ्यांनी सगळं करायचं ठरवलं की पहिल्या दिवशी दारात बारा माणसं उभी राहतात आणि तिसऱ्या आठवड्यात कुणीच नसतं.

पहिल्या दिवशी आनंदाचं भाषण नको. माणसं दमलेली असतात. न्यायला गाडी, गरम पाणी, घातलेली अंथरुणं, एका वेळचं जेवण, चालू असलेलं इंटरनेट आणि फोनचं सिम. घरी "पोचलो" असं सांगता आलं पाहिजे. किल्ली हातात द्या, दाराचं कुलूप दोनदा उघडून दाखवा, आणि निघा. दुसऱ्या दिवशी दुकान आणि दवाखाना चालत दाखवा. आठवड्याभरात बँक, ओळखक्रमांक, आरोग्य विमा, शाळा. प्रत्येक कागदाची एक प्रत घरात एकाच फायलीत लावून द्या. ही फाईल पुढे वर्षानुवर्षं उपयोगी पडते.

एक चित्र डोळ्यांसमोर आणा. संध्याकाळचे सहा. नवरा दुपारच्या पाळीला गेलाय. बाईच्या हातात टपालानं आलेलं पाकीट आहे, वर लाल अक्षरं. फोनवर भाषांतराचं ॲप धरलं तर "अंतिम", "सूचना", "खंडित" असे सुटे शब्द येतात. वीज तोडणार आहेत का? की नुसती कंपनी बदलायची जाहिरात आहे? शेजारी दिवा दिसतोय, पण एवढ्यासाठी दार वाजवावं का? ती पाकीट कपाटावर ठेवते. रात्री अकराला नवरा येईपर्यंत ती तीनदा उठून ते उघडते. अशा पंधरा संध्याकाळी गेल्या की बाई म्हणते, "बहिणीच्या शहरात जाऊया, तिथे निदान विचारायला कुणी आहे."

यावरचा उपाय स्वस्त आहे: आठवड्यातला एक ठरलेला वार, एक ठरलेला तास, वाचनालयात किंवा शाळेत एक टेबल, आणि तिथे "पाकिटं घेऊन या" अशी पाटी. मदत करणारं माणूस दर वेळी तेच असावं. दर वेळी नवा चेहरा असला तर लोक आपलं बिल, आपलं दुखणं कुणापुढे मांडत नाहीत.

सहावी पायरी: भाषा

भाषेचे वर्ग सगळीकडे असतात, पण ज्यांना सर्वांत जास्त गरज असते त्यांनाच जमत नाहीत अशा वेळी असतात. कॅनडात १९९२ पासून नव्या आलेल्यांसाठी सरकारी खर्चानं भाषावर्ग चालतात, आणि त्यांतल्या अनेक ठिकाणी वर्ग चालू असताना मुलांना सांभाळायची सोय असते. मला वाटतं, गावानं भाषेवर एकच खर्च करायचा ठरवला तर तो मूल सांभाळणाऱ्या माणसावर करावा. शिक्षिका उत्तम आहे आणि पुस्तकं फुकट आहेत, पण दीड वर्षांचं मूल कुणाकडे ठेवणार? तिथेच गाडी अडते, आणि दोन वर्षांनी नवऱ्याला भाषा येते, बायकोला येत नाही. त्या घरातला सगळा व्यवहार मग त्याच्याच तोंडून होतो.

वर्गाबाहेरची भाषा वेगळी. पुस्तकातलं बोलणं शिकून आलेल्या माणसाला गावच्या बोलीत पहिले सहा महिने काहीच उमगत नाही. आठवड्यातून दोन तास एखाद्या निवृत्त माणसाबरोबर फिरायला जाणं, त्याच्या बागेत हात लावणं, यानं जे येतं ते वर्गात येत नाही. त्यात त्या एकट्या राहणाऱ्या माणसालाही सोबत मिळते, आणि उपकाराचं ओझं कुणाच्याच डोक्यावर राहत नाही.

दवाखान्यात, पोलिसांत, शाळेच्या गंभीर बैठकीत मात्र प्रशिक्षित दुभाषी हवाच. गावात नसेल तर फोनवरून घ्या. ऑस्ट्रेलियात फोनवरची सरकारी दुभाषी सेवा १९७३ पासून आहे आणि ती रात्रंदिवस चालते. मुलाला कधीही दुभाषी करू नका. नॉर्वेत २०२२ पासून लागू असलेल्या कायद्यानं सरकारी कार्यालयांना तातडीचे प्रसंग वगळता मुलांना दुभाषी म्हणून वापरायला बंदी घातली आहे, आणि ती अगदी योग्य आहे. दहा वर्षांच्या मुलीनं आईच्या गाठीबद्दल डॉक्टरनं सांगितलेलं आईला सांगायचं, हे कुठल्याही मुलावर येऊ नये.

सातवी पायरी: घरातलं दुसरं माणूस

या पायरीवर सर्वांत कमी काम होतं, आणि सर्वांत जास्त कुटुंबं इथेच सुटतात.

जोडीदार आल्या महिन्यातच त्याच्याशी किंवा तिच्याशी वेगळं, निवांत बसून बोला. शिक्षण काय, आधी काय काम केलं, काय करायला आवडेल, काय अजिबात नको. बाहेरच्या देशातल्या पदवीला मान्यता मिळवणं हे महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं चालणारं काम असतं. नर्सिंग, शिक्षण, वीजकाम अशा परवान्याच्या व्यवसायांत तर नक्कीच. म्हणून अर्ज पहिल्याच महिन्यात टाका. भाषा आल्यावर बघू असं म्हणालात तर दोन वर्षं हातची जातात. दरम्यान त्याच क्षेत्राच्या जवळचं काम शोधा: शिक्षिकेला शाळेत मदतनीस म्हणून, नर्सला वृद्धांच्या काळजीकेंद्रात. पण हे "तात्पुरतं" आहे हे कागदावर लिहा आणि पुढची तारीख ठरवा. नाहीतर तात्पुरतं तेच कायमचं होतं, आणि शिकलेलं माणूस आतून विझत जातं.

स्वतःचा धंदा करायचा असेल तर गावच्या अनुभवी व्यापाऱ्यानं सहा महिने सोबत द्यावी: परवाने कुठले, हिशेब कसा, पुरवठादार कोण. बंद पडलेलं दुकान कमी भाड्यानं देणं हे गावाच्या हातात असतं. नव्या माणसानं गावात दुकान उघडलं की त्याचं जाणं-येणं बदलतं. तो नमस्कार घेणारा होतो.

आणि ड्रायव्हिंग लायसन्स. गावाकडे गाडी चालवता न येणारं माणूस अर्धं घरकैदेत असतं. परदेशी लायसन्स किती दिवस चालतं, लेखी परीक्षा कुठल्या भाषेत देता येते, याची माहिती आधीच काढा. सरावासाठी शेजारी बसणारे दोन-तीन धीराचे स्वयंसेवक तयार ठेवा, आणि ते जोडीदारासाठीही ठेवा. तोवर आठवड्याच्या बाजाराला आणि दवाखान्याला जाण्यासाठी गाड्यांची पाळी लावा.

मुलं

शाळेला कुटुंब येण्याआधी कळवा. वर्गशिक्षकाला मुलाचं नाव नीट उच्चारता यावं, यासाठी आईवडिलांकडून आवाज रेकॉर्ड करून मागवा. पाच सेकंदांचं काम आहे, आणि मूल ते आयुष्यभर लक्षात ठेवतं. पहिले दोन महिने त्याच्यासोबत एक जोडीदार मूल द्या, शक्यतो त्याच वाटेनं घरी जाणारं. खेळाच्या संघाची फी, बूट, गणवेश यांचा खर्च शाळेच्या निधीतून गुपचूप व्हावा. मोठी मुलं, चौदा-पंधराच्या पुढची, सर्वांत अवघड जागी असतात: भाषा शिकायला वेळ कमी आणि परीक्षा तोंडावर. त्यांच्यासाठी वेगळी शिकवणी ठेवा. बाकीच्यांबरोबर निभावतील या आशेवर सोडू नका.

मातृभाषा घरात बोलू द्या. "घरीही आमचीच भाषा बोला" असा सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण मग आजीशी फोनवर बोलताना मूल मुकं होतं.

एकटं कुटुंब टिकत नाही

एका गावात एकाच भाषेचं एकच कुटुंब असेल, तर ते मनानं सदैव प्रवासात असतं. निलमध्ये करेन लोक टिकले याचं एक कारण असं की तिथे काही काळानं करेन समाजच उभा राहिला: नातलग, प्रार्थना, आपली भाषा. म्हणून दहा देशांतून दहा कुटुंबं आणण्यापेक्षा दोन-तीन समाजांतून तीन-चार कुटुंबं आणणं शहाणपणाचं. ते आपल्यातच राहतील अशी भीती गावकऱ्यांना वाटते. पण ज्याला आपलं दुःख आपल्या भाषेत सांगायला जागा असते, तोच बाहेर पडायचं धाडस करतो. प्रार्थनेसाठी शाळेचं सभागृह आठवड्यातून काही तास द्या. अंत्यविधीची सोय कुठे होईल, हे आधीच शोधून ठेवा. हा प्रश्न अचानक येतो, आणि त्या दिवशी गाव कसं वागलं हे कुटुंब विसरत नाही.

कुरबुरी झाल्यावर

होणारच. पार्किंग, कचरा, आवाज, अफवा. तक्रार ऐकायला एक नेमलेलं माणूस असू द्या आणि दोन्ही बाजू वेगवेगळ्या ऐका. अफवेला त्याच दिवशी, त्याच जागी उत्तर द्या. फेसबुकवर पसरली असेल तर फेसबुकवरच, आकड्यासकट. शिवीगाळ, धमकी, भिंतीवर लिहिणं हे मात्र कुरबुरीत मोडत नाही. पोलिसांत नोंदवा, भिंत त्याच दिवशी पुसा, आणि संध्याकाळी दोन-चार शेजाऱ्यांनी त्या घरी जाऊन बसा. त्या संध्याकाळी कुणीच आलं नाही, तर पुढचा निर्णय त्या घरात झालेला असतो.

सगळं एका माणसावर नको

इटलीच्या कॅलाब्रियामधलं रियाचे हे ओस पडत चाललेलं गाव. १९९८ मध्ये तिथल्या किनाऱ्याला कुर्द निर्वासितांची बोट लागली. स्थानिक कार्यकर्ते डोमेनिको लुकानो आणि त्यांच्या साथीदारांनी रिकामी घरं उघडली, कारागिरीची दुकानं सुरू केली, शाळेत पुन्हा मुलं आली. पुढे २००४ ते २०१८ लुकानो महापौर होते आणि गावाचं नाव जगभर झालं. ऑक्टोबर २०१८ मध्ये त्यांना अटक झाली, सरकारनं निर्वासितांना दुसरीकडे हलवण्याचा आदेश काढला आणि उभारलेलं बरंचसं विस्कटलं. २०२१ मध्ये त्यांना तेरा वर्षांहून अधिक शिक्षा झाली. २०२३ मध्ये अपिलात ती दीड वर्षावर आली, तीही स्थगित. त्या खटल्यामागचं राजकारण काय, यावर इटलीत आजही वाद आहे. आपल्या कामासाठी घ्यायचं ते एवढंच: प्रत्येक खर्चाची पावती, प्रत्येक निर्णयाला किमान तिघांच्या सह्या, आणि निधी एकाच तिजोरीतून न येता दोन-तीन ठिकाणांहून. पुढाकार घेणारं माणूस आजारी पडलं किंवा निवडणूक हरलं, तरी पाकिटांचं टेबल चालू राहिलं पाहिजे.

दुसरं वर्ष

नव्याचे नऊ दिवस संपतात, स्वयंसेवक थकतात, आणि नेमकं तेव्हाच कुटुंब ठरवत असतं. जर्मनीनं २०१६ मध्ये मान्यताप्राप्त निर्वासितांना तीन वर्षं ठरावीक राज्यातच राहायचं बंधन घातलं, काम मिळालेल्यांना सूट देऊन. अशा नियमानं माणूस थांबतो, पण मुदत संपल्यावर काय करेल हे त्या तीन वर्षांत त्याला काय मिळालं यावर ठरतं.

दुसऱ्या वर्षासाठी तीन कामं ठरवा. सहाव्या, बाराव्या आणि अठराव्या महिन्यात घरातल्या प्रत्येकाशी वेगवेगळं बोला. पहिल्या वर्षाचा भाडेकरार त्यांच्या नावावर वळवा, आणि घर विकत घ्यायचा विचार असेल तर बँकेत सोबत जा. आणि शाळेच्या पालक समितीत, खेळाच्या मंडळात, पुढच्या कुटुंबाच्या स्वागतगटात त्यांना मताचा हक्क असलेलं सभासद करा. पाकिटांच्या टेबलामागे त्या बाईलाच बसवा. पुढची बाई काय विचारायला लाजते, ते तिला माहीत आहे.

तरीही काही कुटुंबं जातील. जाणाऱ्याला दोष देऊ नका. निघण्याआधी एक तास मागून घ्या आणि विचारा: जायचं पहिल्यांदा कधी मनात आलं? त्या दिवशी काय झालं होतं? काय असतं तर थांबला असता? उत्तरं त्यांच्याच शब्दांत वहीत लिहा, तारखेसकट, आणि गटाच्या पुढच्या बैठकीत मोठ्यानं वाचा. मग नवा पत्ता घ्या, सामान गाडीत चढवायला दोघं जण जा, आणि घराची किल्ली परत घेताना वहीत त्या घरासमोर लिहा: कधी रिकामं झालं, काय दुरुस्त करायला हवं.